बैल सोडेपर्यंत

ग्रंथालयाच्या थांब्यावर विनोदने गाडी बंद केली, तसा त्याच्या मागच्या सीटवरचा म्हातारा उठून उभा राहिला. गाठोडं काखेत धरलं, घसा साफ केला.

"झालं का काम?" त्याने विचारलं.

"नाई बा. बस तू. अजून लय फेऱ्या हायेत." विनोदने घाईघाईने चावी फिरवली. इंजिन पुन्हा घरघरलं. म्हातारा खाली बसला, गाठोडं मांडीवर घेतलं आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

त्यानंतर विनोदने इंजिन बंद करायचं नावच घेतलं नाही.

म्हातारा म्हणजे विनोदचा बाप, झाडू. एटापल्लीच्या पलीकडे, डांबर संपतं त्याच्याही पुढे त्यांचं गाव. सकाळच्या एसटीने आला आणि विद्यापीठाच्या गेटवरच उतरला. घरी जाऊन सुनेच्या हातचा चहा घ्यावा, नातीला पाहावं, असं काही नाही. लेकाची बस आली तसा हात दाखवून चढला. बापलेकांचं बोलणं माडियात होत होतं. ते इकडच्या बोलीत सांगतोय, एवढंच.

बाप कशाला आलाय, हे विनोदला ठाऊक होतं. दोनच दिवसांपूर्वी गावातल्या पत्रूने टेकडीवर चढून, जिथे रेंज येते तिथून फोन केला होता. "बा येऊन राह्यला तुह्याकडं. मरका पंडुमचं बोलाले. औंदा त्याचे हात लय कापून राह्यले गा." मरका पंडुम म्हणजे आंब्याचा सण. कैरीतली कोय कडक झाली की गायता, म्हणजे गावचा पुजारी, देवाला नवा आंबा दाखवतो, आणि मगच गावाने आंबा तोंडात घालायचा. तोवर झाडाखाली पडलेलाही कोणी उचलून चाखत नाही. झाडू त्या गावचा गायता होता, त्याच्याआधी त्याचा बाप होता, आणि त्याच्यानंतर थोरला लेक. थोरला म्हणा, धाकटा म्हणा, विनोद एकटाच.

गायत्याला गाव सोडून राहता येत नाही. सारी गोम तिथे होती.

मग म्हाताऱ्याने चढल्या चढल्याच का सांगून टाकलं नाही? तर त्यांच्या गावात औत धरलेल्या माणसाला निरोप सांगत नाहीत. लग्नाचा असो की मरणाचा, निरोप आणणाऱ्याने बांधावर बसायचं. बैल सुटतील, औतवाला पाणी पिईल, मग तोंड उघडायचं. विनोद लहान असताना मामा गेल्याचा निरोप घेऊन आलेला माणूस असाच दुपारपर्यंत बांधावर बसून राहिला होता. झाडूने त्याला पाहिलं होतं, पाहून ओळखलंही होतं, तरी औत थांबवलं नव्हतं. त्या दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त नांगरलं, असं विनोदची आई पुढे कितीतरी वर्षं सांगत असे.

झाडूच्या लेखी बस म्हणजे औतच. इंजिन चालू आहे तोवर बैल जुंपलेले.

आणि विनोदची बस तर कुठेच न पोचणारी. पुढच्या काचेवर पाटी, 'परिसर फेरी'. मुख्य गेट, प्रशासन भवन, ग्रंथालय, विज्ञान विभाग, तळ्याकाठचं मुलींचं वसतिगृह, आणि फिरून पुन्हा गेट. आधी विनोद अहेरीच्या रस्त्यावर काळी-पिवळी चालवायचा. तिथे निदान दोन्ही टोकांना गाव होतं. इथे रुजू झाल्यावर पहिला महिनाभर त्याला गरगरल्यासारखं व्हायचं. मग अंगवळणी पडलं. पगार वेळेवर होता. शहरात भाड्याची खोली झाली. पोरगी रिंकू इंग्रजी शाळेत जाऊ लागली आणि दीपिका, त्याची बायको, शिलाईची कामं घेऊ लागली. खरं सांगायचं तर विनोदला परत जायचं नव्हतं. पोरीची शाळा वगैरे कारणं होतीच, पण ती नसती तरी जायचं नव्हतं. बापाच्या तोंडावर हे म्हणायची मात्र त्याची छाती नव्हती. बापाने विचारलंच नाही, तर 'नाही' म्हणावंच लागणार नाही, एवढाच त्याचा हिशेब.

म्हणून तो गाडी चालवत राहिला. वसतिगृहाशी पाच मिनिटं उभं राहायचं असतं, तिथेही इंजिन चालूच. एक गुडघा सारखा हलत होता, हात गिअरच्या दांड्यावरून निघत नव्हता, डोळे रस्त्यापेक्षा आरशात जास्त. आरशात म्हातारा. पांढरं मुंडासं, मांडीवर गाठोडं, आणि गाठोड्यावरचे ते दोन हात. पत्रूने सांगितलं होतं तसे ते कापत होते. विनोदला वाटत होतं, गाडी हादरतेय म्हणून कापत असतील. मग गाडी उभी असतानाही ते कापताना दिसले आणि त्याने आरसाच थोडा तिरका केला. दोन थांबे गेले नाहीत तोच पुन्हा सरळ केला.

प्रशासन भवनापाशी धनराजभाऊ आडवे आले. वाहनांचं सगळं त्यांच्याकडे. बोलायला तिखट, मनाने बरे.

"काऊन रे विनोद? घंटाभरापासून पाहून राह्यलो, उभ्या गाडीले इंजिन चालू! डिझेल का तुह्या घरचं हाय?"

"सेल्फ गेला भाऊ," विनोदच्या तोंडून निघून गेलं. "बंद केली तं चालूच नाई होनार. धक्का माराव लागते."

"मंग सांगत काऊन नाई? संध्याकाळी शेडमधी लाव. परीक्षा हाय पोराईची, मधातच बंद नोको पाडू." मग त्यांचं लक्ष मागे गेलं. "हे कोन?"

"माहे वडील."

"अस्सं! रामराम बाबाजी. कुठी चालले?"

झाडूला मराठी समजायची, बोलताना जरा अडखळायचा. "लेकासंगं," तो म्हणाला.

"इथी तं गोलच फिरते गाडी."

"हो," झाडू म्हणाला. "पाह्यलो."

विनोदच्या मानेवरून घामाचा ओघळ खाली गेला. एप्रिलचं ऊन म्हणून गेला असेल, असंही म्हणता येईल.

दुपारी प्रफुल आला. जेवणाच्या सुट्टीत तो गाडी घेई आणि विनोद शेडजवळच्या निंबाखाली डबा खाई. आज तो आला तेव्हा विनोदने दारच उघडलं नाही. खिडकीतून म्हणाला, "तू जाय आज. मी करतो तुही फेरी."

"आँ? येड-बिड लागलं का बे? जेवला नाई तू."

"भूक नाई."

"बाबाजी तं भुके असन ना!"

झाडूने मागून बाटली वर करून दाखवली. त्यात आंबील होती. त्याची सोय तो घरूनच करून आला होता. प्रफुलने खांदे उडवले आणि तो आनंदाने झोपायला गेला.

विनोदला भूक नव्हती हे साफ खोटं होतं. दुपार कलली तशी पोटात आग पडली. डबा सीटखाली होता, पण तो खायचा तर गाडी लावावी लागणार. त्या भुकेत तो आपल्या बापावर रागावला. एवढ्या लांब यायचं, एवढा वेळ दगडासारखं बसून राहायचं, आणि एक शब्द बोलायचा नाही. ओरडला असता, रडला असता, तर बरं झालं असतं. मग त्याला स्वतःचाच राग आला आणि त्याने विज्ञान विभागाच्या वळणावर गाडी अशी वळवली की उभी असलेली पोरं एकमेकांवर आदळली.

वसतिगृहावर परीक्षा संपलेल्या मुलींचा घोळका चढला. त्यात नागभीडची आचल होती. ती रोज ड्रायव्हरमागच्या दांड्याला धरून उभी राही आणि गेट येईपर्यंत तिचं तोंड बंद नसे. आज तिच्या हातात कागदाचा द्रोण होता. तळ्याकाठच्या झाडाच्या कैऱ्या, फोडी करून, वर तिखट-मीठ.

"दादा, पेपर असा कठीण होता, असा कठीण होता, का सांगू! घ्या, तोंड आंबट करा तुम्ही बी." मग मागे वळून, "आजोबा, घ्या ना."

झाडूने हात जोडले. "नाई बाई. आमचा पंडुम नाई झाला अजून."

"म्हंजे?"

"देवाले दाखोल्याबिगर नाई खात."

"अय्या, हो का?" आचलने द्रोण पुढे सरकवला, विनोदच्या कोपराजवळ. विनोदचे डोळे रस्त्यावर होते; समोरून सायकलवाला येत होता. पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं. त्याचा हात आपोआप गेला. एक फोड तोंडात, तिच्यामागोमाग दुसरी. इतक्या वर्षांत दर उन्हाळ्यात खात आला तशीच. दात आंबले, तोंडाला पाणी सुटलं, आणि मग त्याने आरशात पाहिलं.

बाप त्याच्याचकडे पाहत होता. डोळ्यांत राग नव्हता. शेताच्या बांधावरून पीक पाहावं तसं तो पाहत होता.

तोंडातली फोड गिळावी की थुंकावी ते विनोदला कळेना. शेवटी त्याने गिळली.

गाडी गेटकडे निघाली. आचल बोलत होती, मुली हसत होत्या, विनोदच्या कानांत काहीच शिरत नव्हतं. एकच वाटत होतं, आता गेटवर गाडी बंद करायची. बंद करायची, मागे जायचं, बापाच्या बाजूला बसायचं आणि म्हणायचं, सांग बा. काय ते सांग. मग काय उत्तर द्यायचं ते त्याला अजूनही ठाऊक नव्हतं, पण निदान ऐकून तरी घ्यायचं.

गेटबाहेर रस्त्याच्या पलीकडे एटापल्लीची एसटी येऊन उभी राहत होती. तिच्यानंतर आज दुसरी गाडी नव्हती.

झाडू उठला. गाठोडं काखेत धरून, दांडे धरत धरत पुढे आला. विनोदने थांब्याच्या अलीकडेच ब्रेक दाबला आणि हात चावीवर नेला.

"राहू दे," बाप म्हणाला. "बंद नोको करू. चालू राहू दे."

"बा, थांब ना. मी आता..."

"आंबट होता का आंबा?"

विनोदने मान हलवली.

"कोय धरली होती?"

"धरली होती."

"कडक?"

"दाताले लागली."

झाडूने मान डोलावली. जणू याच कामासाठी तो एवढा लांब आला होता. "मंग येळ झाली. जातो मी. परवाच करून टाकतो." त्याने कापरा हात लेकाच्या खांद्यावर ठेवला. "पोरीले घेऊन ये कधी. आंबे खायाले."

तो उतरला. रस्ता ओलांडताना त्याने दोन्ही बाजूंना पाहिलं नाही; एसटीच्या ड्रायव्हरनेच हात बाहेर काढून मागची मोटार थांबवली. वर चढायला त्याला वेळ लागला. आतून कोणीतरी गाठोडं घेतलं, मग त्याचा हात धरला. एसटी हलली आणि वळणावरच्या सागांआड गेली.

एवढ्या लांब आलेल्या माणसाने आपलं काम सांगितलं नव्हतं. विनोदला 'नाही' म्हणावं लागलं नव्हतं. सकाळपासून त्याला हेच हवं होतं.

"दादा, चला ना," मागून कोणीतरी म्हणालं. "पुढच्या फेरीची पोरं उभी हायेत."

विनोदने चावी उलटी फिरवली. इंजिन दोनदा हिसका देऊन थांबलं. सकाळपासून चाललेली घरघर एकदम गेली, तसं गेटवरच्या पिंपळाच्या पानांचं वाजणंही ऐकू आलं.

"दादा!" आचल ओरडली. "बंद काऊन केली? सेल्फ गेला म्हनून साऱ्याइले सांगत होते ना धनराजभाऊ! आता चालू कशी होईन?"

विनोदने सीटखालून पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला आणि बाटली मांडीवर ठेवून आरशात पाहत बसला. मागच्या सीटवर कोणी नव्हतं.

"चला गं, उतरा साऱ्या," आचल म्हणाली. "धक्का मारू. दादा, तुम्ही गिअर टाका फक्त."

मुली पटापट उतरल्या. पॅड, पेनं, ओढण्या सावरत बसच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, आणि काहीही न बिघडलेली ती गाडी हसत हसत ढकलू लागल्या.