किल्लीच्या बदल्यात

या प्रवासात बाईंच्या पदरात काय पडणार होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. दोन शब्द. नवऱ्याने लेकीसमोर उभं राहून "चुकलं माझं" म्हणायचं, बस्स. दुखरे गुडघे, हॉटेलांच्या गार चादरी, दिवसभर वर बघून अवघडलेली मान, हे सगळं त्या दोन शब्दांची किंमत म्हणून बाईंनी कुरकुर न करता मान्य केलं होतं.

नवऱ्याला मिळणार होते दगड. ते वास्तुकलेच्या कॉलेजात मास्तर होते, पोरं त्यांना कमानसर म्हणत. मध्ययुगीन आणि प्रबोधनकाळातल्या इमारती त्यांनी जन्मभर शिकवल्या, त्याही स्लाइडवरून. निवृत्तीनंतर त्या इमारती प्रत्यक्ष पाहायला परदेशी निघाले, तेव्हा बाई म्हणाल्या, "मीही येते." सरांना कौतुक वाटलं. त्यांना कौतुक लवकर वाटायचं, संशय कधीच यायचा नाही.

बाई औषधांच्या कंपनीत खरेदी खात्यात होत्या. समोरच्याला आधी खूश करायचं आणि मग हळूच मुद्दा काढायचा, यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सर खूश असले की लोण्यासारखे, आणि बिनसलं की खांबासारखे. म्हणून प्रवासभर बाईंनी त्यांना चर्चं खाऊ घातली. टोकदार कमानी दिसल्या की "अहो, इथे थांबू या ना" असं त्याच म्हणायच्या. सर कळीसारखे खुलायचे. तेवढ्यात बाई विचारायच्या, "मग म्हणणार ना तिला?"

"म्हणेन गं. मन प्रसन्न असलं की म्हणून जातं माणूस."

लेक सरांच्याच वर्गात होती. शेवटच्या वर्षी सगळ्या परीक्षकांसमोर सरांनी तिचं ड्रॉइंग भिंतीवरून उतरवलं, टराटरा फाडलं आणि विचारलं, "यात माणसं राहणार की कोंबड्या?" वर्ग खदाखदा हसला. लेकीने कॉलेज सोडलं, मग घर सोडलं. आईशी बोलायची, पण बापाचा विषय निघाला की तिची रेंज जायची. पुढे परदेशात, याच चर्चांच्या मुलखात, लग्न झालं, बाळ झालं. ते बाळ आजीने फक्त फोनवर पाहिलं होतं. आता तिच्या नवऱ्याची नोकरी बदलली म्हणून ती बिऱ्हाडासकट आणखी दूरच्या देशात निघाली होती, परत यायचं नाही अशा बोलीने.

बाईंनी गळ घातली, रडून पाहिलं, तेव्हा कुठे ती एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही बाबांचा तो घुमट पाहायला जाणार, त्या गावावरूनच विमानतळाचा रस्ता जातो. गाव जवळ आलं की मी फोन करेन. तू उचललास तर गाडी आत वळवते, बाळाला मांडीवर देते आणि बाबांचं काय ते ऐकून घेते. नाही उचललास तर समजेन, बाबा नाही म्हणाले. मग पुन्हा हा विषय नको, फोनही नको. मला दर वेळी नव्याने अपमान करून घ्यायचा नाही."

फोन एकट्या बाईंकडेच होता. सर म्हणायचे, "गळ्यात घंटा बांधून फिरायला मी बैल आहे का?"

त्या गावात टेकडीवर एक छोटं चर्च होतं. खाली मध्ययुगातल्या जाडजूड भिंती आणि वर, कितीतरी पिढ्यांनंतर, प्रबोधनकाळातल्या कुणा कारागिराने बसवलेला हलका, गोल घुमट. जुनं न पाडता त्यावर नवं कसं उभं करायचं, हे शिकवताना सर दरवर्षी हाच घुमट दाखवायचे. दरवाजाला मात्र कुलूप होतं. किल्ली खालच्या गल्लीत केस कापणाऱ्या बाईकडे असते, असं कळलं.

केसवाली कुणाच्या तरी डोक्याला रंग लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "किल्ली घ्या, पण बदल्यात काहीतरी ठेवून जा."

सरांनी पाकीट काढलं.

"पैसे नकोत. पैसे ठेवून एक जण किल्लीसकट आपल्या देशात गेला. ज्याच्यासाठी परत यावंच लागेल असं काहीतरी ठेवा."

"ही टोपी?"

"काका, आरशात बघा. या टोपीसाठी तुम्ही तरी परत याल का?"

रंगाखालचं डोकं फिदीफिदी हसलं. केसवालीची नजर सरांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर गेली.

"छे! मग फोटो कशाने काढू?" सर छातीशी कॅमेरा धरून म्हणाले. मग बाईंकडे वळले. "तुझा फोन दे ना."

"अहो, तिचा फोन यायचाय."

"ती दुपारी येणार. आपण गेलो आणि आलो. नको असेल तर राहू दे. तसंही आयुष्यभर स्लाइडच पाहिल्या." आणि चेहऱ्यावर तो खांब उभा राहायला लागला.

बाईंनी मनात भराभर हिशोब केला. घुमट दाखवला नाही तर हा फुगलेला चेहरा घेऊनच लेकीसमोर जावं लागेल. हा चेहरा आजवर कुणाला चुकलं म्हणाला नाही. घुमट पाहून आला तर मऊ होऊन येईल. आयुष्यभर सौदे केलेली बाई ती. तिने फोन काउंटरवर ठेवला.

"जेवायच्या सुट्टीआधी या," केसवाली म्हणाली. "मग मी दुकान बंद करून घरी जाते."

टेकडी चढताना सर पोरासारखे पुढे पळत होते. दार उघडलं. आत ओल्या दगडाचा आणि मेणाचा वास. सरांनी खांबांवरून हात फिरवला, जमिनीवर उताणे पडून फोटो काढले, स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. मग कपडे झटकत उठले, घड्याळ पाहिलं आणि चक्क म्हणाले, "चल. लेकीचा फोन यायचा."

आणि इथे एक गोष्ट घडली, जी बाईंच्या कुठल्याच हिशोबात नव्हती.

त्या बाकावर टेकल्या होत्या, गुडघ्यांना आराम म्हणून. प्रवासभर त्यांनी नवऱ्यासाठी मान वर केली होती, आता अशीच सवयीने केली. घुमटाच्या खिडक्यांतून ऊन आत येत होतं आणि भिंतींवरून सावकाश खाली उतरत होतं. खालचा दगड जड, काळा, कुणाला काही माफ न करणारा. त्याच्यावर तो घुमट असा बसला होता, जणू त्याला कसलं ओझं माहीतच नाही. इतकी वर्षं मधे उभं राहून दोन्हीकडचं त्याच तर उचलत होत्या. पहिल्यांदाच वाटलं, आपण इथे कुणाला खूश करायला बसलेलो नाही.

"चल गं," सर दारातून म्हणाले.

"थांबा जरा."

"अगं, उशीर होईल."

"थांबा म्हटलं ना! माझ्यासाठी कधी थांबलात?"

सर थांबले. बिचारे, बायकोला घुमट आवडला म्हणून मनातून हरखले आणि दारातच उभे राहिले. ऊन पार खालच्या दगडापर्यंत आलं, तेव्हा कुठे बाई उठल्या.

गल्लीत आल्या तर दुकान बंद. काचेच्या दाराला आतून पाटी, दिवे मालवलेले. बाईंनी काचेला कपाळ लावून आत पाहिलं. काउंटरवर, कंगव्यांच्या शेजारी, फोन उजळला होता. घरघरत होता, घरघरता घरघरता कडेकडे सरकत होता. पडद्यावर लेकीचा फोटो. बाईंनी काचेवर थापा मारल्या. फोन थांबला. पुन्हा उजळला. सर शेजारच्या दारांवर धक्के मारत गल्लीभर ओरडत सुटले, "ती कुठे राहते? अहो, केसवाली कुठे राहते?" एका खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "जेवू द्या की तिला. येईल." लेकीचा नंबर दोघांनाही पाठ नव्हता. तो फोनमध्येच होता, काचेपलीकडे. तिसऱ्यांदा फोन उजळला, तेव्हा बाईंनी थापा मारणं सोडलं आणि नुसतं पाहत राहिल्या.

केसवाली आली, तेव्हा तोंड पुसत होती. "सांगितलं होतं मी," ती म्हणाली, पण बाईंचा चेहरा पाहून पुढचं गिळलं. "दुसऱ्याचा फोन मी उचलत नाही हो. ऐकू आला असता तर कदाचित... मी घरी होते."

लेकीचा एकच मेसेज होता. "समजलं."

बाईंनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. लांबलचक मेसेज लिहिला, किल्लीचा, काचेचा, सगळा. वाचताना त्यांनाच तो बनवाबनवीसारखा वाटला. तरी पाठवला. तो कधी कुणी वाचल्याची खूण आली नाही. नव्या देशात लेकीने नंबरही नवा घेतला असणार, आणि तो कुणाला द्यायचा नाही, हे तिला त्या दुपारी समजलं होतं.

गावाबाहेरच्या थांब्यावर बसची वाट पाहताना सर म्हणाले, "चुकलं माझं."

"कुणाला म्हणता?"

"तुला. फोन मी ठेवायला लावला."

बाईंच्या ओठांवर आलं होतं, की निघायचं तुम्हीच म्हणालात, थांबा मी म्हणाले. ते तसंच ठेवून त्या बसमध्ये चढल्या. वाटभर दोघं खिडकीबाहेर पाहत राहिले.

घरी आल्यावर बहीण, दीर, शेजारी, जो तो विचारायचा, आणि दर वेळी सरच आधी बोलायचे, "माझ्यामुळे उशीर झाला. माझं ते दगडांचं वेड." लोक माना डोलवायचे. सरांचं वेड सगळ्यांना ठाऊक होतं, पटायला वेळ लागत नव्हता. बहीण तर तोंडावर म्हणाली, "भावजी, तुम्ही जन्मात सुधारणार नाही." बाई बशीत चहा ओतत राहायच्या. नवरा खरं काय ते पूर्ण जाणून आहे, हे त्यांना कळत होतं. आपल्याला कळलंय हे त्याला कळतंय, हेही कळत होतं.

तर शेवटी कुणाच्या नावावर काय पडलं? घुमट दोघांनी पाहिला. लेकीच्या वाट्याला तिसऱ्यांदा रिंग वाजून थांबली तेव्हाचा तो हायवे आला. मांडीवर दिलं जाणार होतं त्या बाळाला तर आपलं काही गेलं हेसुद्धा कधी कळणार नाही. दोष सगळा सरांनी भरला, स्वतःचा आणि बायकोचाही. आणि बाईंनी तो त्यांना भरू दिला. रोज, पाहुण्यांसमोर, पुन्हा पुन्हा.