दुसरं गॅस्केट

मिस्त्रीनं बांधलेलं इंजिन शर्यतीत दगा देत नाही, असं मैदानावर सगळेच म्हणायचे. जुन्या स्पोर्ट्स गाड्या घेऊन लोक लांबून त्याच्याकडे यायचे. तो पिस्टन हलके करायचा, हवेच्या वाटा घासून मोठ्या करायचा, आणि मरगळलेलं इंजिन गुरगुरायला लागायचं.

घरच्या लाल गाडीला मात्र यश नव्हतं. ती त्याची बायको चालवायची. तिचं वळण घेणं बघायला माणसं कुंपणाला चिकटून उभी राहायची; पण सरळ रस्ता लागला की दोघंतिघं तिला सहज मागे टाकायचे.

"दिव्याखाली अंधार," ती हसून म्हणायची. हळूहळू ते हसणंही आटलं. "खोट गाडीत नाही, माझ्यातच आहे," असं म्हणून एका हंगामानंतर तिनं हेल्मेट माळ्यावर टाकलं आणि गाडी दातांच्या एका तरुण डॉक्टरणीला विकून टाकली.

पुढच्याच हंगामात ती गाडी पहिली आली. नवरा-बायको दोघंही बघायला गेले होते. मिस्त्री कुंपणापाशीच रेंगाळला. बायको कौतुक करायला पुढे गेली, तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, एक विचारू? आमच्या कारागिराला इंजिनाच्या झाकणाखाली एकाऐवजी दोन गॅस्केट सापडली. त्यानं आतला दाब कमी होतो, इंजिनाची ताकदच जाते म्हणे. जुन्या गाड्यांत असतं का तसं?"

"असेल," ती म्हणाली.

घरी आल्यावर ती थेट गॅरेजमध्ये गेली. तो पाना पुसत बसला होता.

"अहो, दुसरं गॅस्केट तुम्ही घातलंत?"

पाना खाली ठेवून तो "हो" म्हणाला. "तुझा भाऊ गेला तो मी बांधलेल्या इंजिनावर. इंजिन चांगलं होतं, म्हणूनच तर तेवढ्या वेगात होता तो. तुला नको म्हणायची माझी छाती झाली नाही."

"भीती वाटते, एवढं म्हणायचं होतं. मी थांबले असते, नाहीतर कडाकडा भांडले असते. दोन्ही चाललं असतं." तिचा आवाज चढला नव्हता. "मी स्वतःला कुचकामी समजत राहिले, आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात."



दुसऱ्या दिवशी त्यानं बाहेरची कामं परत पाठवली. अडगळीतली एक जुनी गाडी काढून तिच्यासाठी इंजिन बांधायला घेतलं, हातचं काहीही न राखता. थंडी सरली तेव्हा ते तयार झालं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. मैदानावर एक फेरी मारून ती परत आली. सरळ रस्त्यावरसुद्धा गाडी बाजारात निघाल्यासारखी चालली होती.

"जोरात का नाही नेलीस?" त्यानं विचारलं.

"इंजिन छान झालंय," हातमोजे काढत ती म्हणाली. "पण आता मलाच भीती वाटते."

आणि त्यानं दार उघडून देण्याची वाट न बघता ती उतरली.