माळवदावरचं लाकूड

यांगझेसनं जवाच्या कोठीत कोपरापर्यंत हात खुपसला आणि डोळे मिटून तळाचे दाणे चाचपले. दाणे कोरडे होते, थंडगार होते, मुठीत खुळखुळत होते. तिनं हात बाहेर काढून अंगरख्याला पुसला.

"बुडाला ओल नाही," ती म्हणाली. "हे असं अधूनमधून बघत राहायचं. वरून सगळं कोरडं ठाक दिसतं आणि खाली बुरशी धरलेली असते. घाल, तूही हात घाल."

दारात उभी असलेली तिची सून पुतित पुढे झाली आणि वाकायला गेली. सातवा महिना होता. कोठीच्या काठाला पोट आडवं आलं. ती हसली, तशी यांगझेसही हसली.

"राहू दे. पुढच्या वर्षी घाल."

कोठारात एकच झरोका होता आणि तोही तळहाताएवढा, पण यांगझेसला उजेडाची गरज नव्हती. कोणती वस्तू कुठं आहे हे तिच्या हातांना ठाऊक होतं. डावीकडे भाजलेल्या जवाचं पीठ, त्याला लागून वाटाणे. बकरीच्या कातड्यात शिवलेलं लोणी. दोरीला ओवलेलं वाळकं चीज, वाशाला टांगलेलं सुकं मांस, मातीत पुरलेले सलगम. चहाच्या विटा, मीठ, रॉकेल, काड्यापेट्या. हल्ली सिलिंडर आले होते, तांदळाची पोती आली होती, पण यांगझेस त्यांना पाहुणे म्हणायची. आलात तर या, नाही आलात तर आमचं काही अडत नाही. खिंड एकदा बर्फानं बंद झाली की झांस्करातलं हे गाव पुढचे पाच-सहा महिने जगापासून तुटतं. तेवढे महिने या घरानं कुणाच्या दारात भांडं घेऊन जायचं नाही, हा तिचा शब्द होता. आपल्या घरातून हिवाळ्यात कुणी खाली शहरात जात नाही, असं ती गावभर सांगायची. सांगताना तिची मान जरा ताठ व्हायची, आणि ते तिला शोभायचंही.

"अमा-ले," पुतित चीजच्या माळा सारख्या करत म्हणाली, "मुसाभाईची गाडी उद्या सकाळी निघतेय. शेवटची. यानंतर येणार नाही म्हणाला."

"मग? चहा आणला ना त्यानं? मीठ आणलं? झालं तर."

पुतितनं माळ पुन्हा खुंटीला अडकवली.

यांगझेसला तिच्या मनातलं समजत होतं. मुलगा, स्तोबदान, कारगिलला वीज खात्यात होता. टॉवर चालू असेल तेव्हा तो फोन करायचा आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायचा, पुतितला इकडे पाठव, इथं दवाखाना आहे. यांगझेस त्याला प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायची.

"तू आणि तुझ्या दोन्ही बहिणी याच घरात झालात. खालच्या उबदार खोलीत. गाय शेजारी रवंथ करत होती. तुमचं काय वाकडं झालं?"

"अमा, काही अडचण आली तर?"

"अडचणीसाठीच तर कोठार भरलंय. आणि हेलिकॉप्टर येतंच की."

"आभाळ मोकळं असलं तर येतं."

"असेल मोकळं," असं म्हणून ती फोन सुनेच्या हातात द्यायची. पुतित नवऱ्याशी हळू आवाजात बोलायची आणि कधीच तक्रार करायची नाही. चांगल्या घरची पोर होती.

"तू आता आत बैस, वारा सुटलाय," यांगझेस म्हणाली. "मी वर जाऊन चारा झाकून येते."

ती शिडीनं माळवदावर गेली. उत्तरेकडचे डोंगर ढगात शिरले होते. कठड्याला लागून गवताच्या पेंढ्या आणि गोवऱ्यांची रास, आणि चारी बाजूंनी लाकूड. या मुलखात झाड म्हणजे ओढ्याकाठी माणसानं लावलेलं झाड, त्यामुळं माळवदावरच्या लाकडावरून घराची पत कळते. उन्हाच्या कोपऱ्यात तिचा सासरा प्रार्थनाचक्र फिरवत बसला होता. ऐंशीच्या पुढचा, तोंडात दात नाही, पण जिभेला धार तशीच. सगळं गाव त्याला मेमे, म्हणजे आजोबा म्हणायचं. तो मात्र यांगझेसला अजून सूनबाईच म्हणायचा, तिची सून घरात आली तरी.

"भरलं का कोठार, सूनबाई?"

"भरलं. तुम्हाला आणखी दहा हिवाळे पुरेल."

"दहा कशाला? वाढवून बोल जरा."

ती हसत पेंढ्यांवर ताडपत्री ओढू लागली. म्हाताऱ्याचं चक्र फिरत होतं. मग ते थांबलं.

"सूनबाई, एक विचारू? विचारायचं नसतं, ते ठाऊक आहे मला."

ताडपत्रीचं टोक हातात धरून तिनं मागं पाहिलं. म्हातारा पूर्वेच्या कोपऱ्याकडे बघत होता.

त्या कोपऱ्यातल्या लाकडाविषयी कुणी बोलत नसे. त्याला नाव नव्हतं. भर हिवाळ्यात घरातलं माणूस गेलं, तर बर्फाखालून लाकूड कुठून आणणार? म्हणून प्रत्येक घर शरदातच एक रास वेगळी रचून ठेवी. कुणासाठी ते म्हणायचं नाही, मोजायचं नाही, त्याच्याकडे बोटही करायचं नाही. हिवाळा निभावला की वसंतात एक दिवस गुपचूप खाली आणून चुलीत घालायचं, आणि त्या दिवशीचा चहा सगळ्यांना जरा जास्तच गोड लागायचा.

यांगझेसचा नवरा गेला तेव्हा तिची रास पुरली नव्हती. त्या वर्षी थंडी मरणाची होती आणि तिनं त्यातलं लाकूड चुलीसाठी काढलं होतं. शेजारच्या दिस्कितकडून उसनं आणावं लागलं. ओलं विलोचं लाकूड, नुसतं धुमसत राहिलं. लोक खोकत होते, डोळे पुसत होते, आणि यांगझेस मान खाली घालून उभी होती. दिस्कित अजून मधूनच म्हणायची, आमचं लाकूड होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून यांगझेसनं हात कधी आखडता घेतला नाही.

"विचारा," ती म्हणाली.

"ती अलीकडची रास माझी, ते कळलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाठीगाठीचं लाकूड घातलंयस, चालेल, मीही काही फार सरळ माणूस नव्हतो." म्हातारा स्वतःशीच हसला. "पण तिच्यापलीकडे अजून एक आहे. ती कुणाची?"

"कुठली अजून एक?"

"अगं, तूच रचलीस. मी इथंच बसलेलो होतो."

यांगझेस ताडपत्री सोडून पुढे गेली. खरंच दोन राशी होत्या. ती रोज इथं यायची, याच कोपऱ्यावरून जायची, पण त्या बाजूला बघायचं नाही या सवयीनं तिनं बघितलंच नव्हतं.

"थंडी जोरात पडणार असं दिसतंय," ती म्हणाली. "म्हणून जरा जास्तीचं."

"असेल."

"नाहीतर माझी समजा. मीही काही तरणी नाही."

"तुझी?" म्हाताऱ्यानं मान हलवली. "तू स्वतःसाठी कधी एवढं निवडून ठेवलंयस का, सूनबाई? फाटका अंगरखा वापरतेस आणि नवा पेटीत ठेवतेस. हे बघ तरी."

तिनं पाहिलं. दुसऱ्या राशीतलं लाकूड पॉप्लरचं होतं, ओढ्याकाठच्या तिच्या स्वतःच्या झाडांचं. एकसारखं कापलेलं. साल सोललेली. बारीक फांद्या, ढलप्या, कुसळं सगळी काढलेली, कुठं हातालाही टोचू नये इतकी. वर जुनिपरची हिरवी डहाळी ठेवून ते लाल लोकरीच्या दोरीनं बांधलं होतं. ही दोरी तिनंच उन्हाळ्यात रंगवली होती. हे सगळं करताना आपल्या मनात काय चाललं होतं, ते तिला आठवेना. सोलायला बसले होते, हात चालत होते, एवढंच आठवत होतं.

ती एक पाऊल मागं सरली. बाळंतपणात या घरात काय काय घडू शकतं, ते आपल्याला पुरतं ठाऊक होतं. स्तोबदानला फोनवर ज्या ठणठणीत आवाजात उत्तर दिलं, तो आवाज आपल्या हातांपर्यंत कधी पोचलाच नव्हता.

म्हाताऱ्यानं चक्र पुन्हा सुरू केलं. आता तो तिच्याकडे बघत नव्हता.

"मी काही म्हटलं नाही हो," तो म्हणाला. "म्हातारा माणूस. डोळ्यांना एकाचे दोन दिसतात."

यांगझेस शिडीवरून उतरली. दोन पायऱ्या राहिल्या असताना तिचा पाय घसरला, पण तिनं शिडी घट्ट धरली आणि तशीच स्वयंपाकघरात शिरली. पुतित चुलीशी बसून लोणी-मिठाचा चहा घुसळत होती.

"ते ठेव," यांगझेस म्हणाली. "सामान बांध."

"कुणाचं, अमा-ले?"

"तुझं. उद्या मुसाच्या गाडीनं जायचंय. स्तोबदानला आत्ता फोन लाव. लागत नसेल तर मुसा सांगेल, त्याच्या दारात सोडेल तुला."

पुतितनं रवी बाजूला ठेवली. तिनं विचारलं नाही की काय झालं, अचानक कसं ठरवलंत. ती उठली, कोपऱ्यातल्या गाद्यांपाशी गेली आणि खालच्या दोन गाद्यांमधून एक पिशवी ओढून काढली. पिशवी फुगलेली होती आणि तिची चेन लावलेली होती.

यांगझेस पुढे झाली. तिनं ती उघडली. लोकरीचे मोजे. बाळाची टोपी. दवाखान्याचे कागद, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. जर्दाळूच्या बियांची लहानशी थैली, वाटेत चघळायला.

"हे कधी भरलंस?"

"कापणी झाली तेव्हा."

"आणि तेव्हापासून गप्प आहेस?"

पुतितनं नजर खाली केली. "तुम्हीच शिकवलंत ना, अमा-ले. लागेल ते आधीपासून जवळ असावं. आणि वेळ आल्याशिवाय त्याचं नाव काढू नये."

यांगझेस पिशवीपाशी खाली बसली. तिनं पिशवीतलं सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवलं, मोज्यांची जरा नीट घडी केली आणि चेन लावली. मग कोठारात जाऊन तिनं लोण्याचा सगळ्यात मोठा गोळा काढला, पिठाचा पसा भरला, मांसाची एक लांब पट्टी तोडली आणि हे सगळं दुसऱ्या थैलीत दाबून भरलं. तिकडे कारगिलला हे सगळं मिळतं, असं पुतित म्हणाली. यांगझेसनं तिच्याकडे असं पाहिलं की ती थैलीचं तोंड धरायला पुढे झाली. पोरीला भीती वाटत होती आणि इतके दिवस ती एकटीच ती भीती बाळगून होती, याचं यांगझेसला फार वाईट वाटलं. तिनं थैलीत लोण्याचा आणखी एक गोळा घातला.

सकाळी आभाळ खाली उतरलं होतं. गाडीभोवती निम्मं गाव जमलं होतं. कुणी चिठ्ठ्या देत होतं, कुणी कारगिलहून काय आणायचं राहिलं ते आत्ता आठवून हळहळत होतं. मुसानं पुढची सीट मोकळी केली आणि तिच्यावर रजई अंथरली.

"मी गाडी हळू चालवीन, अमा," तो म्हणाला. "पण बर्फ सुरू व्हायच्या आत खिंड ओलांडायची आहे. तेव्हा रडणं-बिडणं थोडक्यात उरका."

"कोण रडतंय? तू समोर बघून चालव."

तेवढ्यात दिस्कित पुढे आली. शाल सावरत तिनं पिशवीकडे पाहिलं, थैलीकडे पाहिलं, पुतितच्या पोटाकडे पाहिलं.

"काय गं यांगझेस? तुझ्या घरातून हिवाळ्यात कुणी खाली जात नाही ना? का यंदा कोठारात काही कमी पडलं?"

आजूबाजूच्या माणसांनी माना वळवल्या. पुतितनं सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"सगळं भरलंय गं," यांगझेस म्हणाली, मान तशीच ताठ. "पीठ आहे, लोणी आहे, तुला लागलं तर तुलाही देईन. डॉक्टरीण तेवढी कोठीत ठेवता येत नाही."

कुणीतरी मोठ्यानं हसलं. दिस्कितही हसली, अगदी मनापासून नाही, पण हसली, आणि शालीखालून तिनं चार उकडलेली अंडी काढून पुतितच्या मांडीवर ठेवली. गाडी निघाली. वळणाआड जाईपर्यंत पुतितचा हात खिडकीबाहेर होता.

दुपारी कामं उरकताच यांगझेस माळवदावर गेली. मेमे उन्हाच्या आशेनं आधीच येऊन बसला होता. तिनं पलीकडच्या राशीची लाल दोरी सोडली, सोललेलं लाकूड दोन हातांनी कवेत घेतलं आणि शिडीच्या तोंडाशी आणून खाली टाकलं. एक खेप, मग दुसरी. खाली चुलीपाशी ते पडल्याचा आवाज घरभर झाला.

"आत्ताच?" म्हातारा म्हणाला. "अजून हिवाळा सुरूही झाला नाही."

"थंडी वाजतेय मला."

शेवटची खेप घेऊन ती त्याच्यासमोरून निघाली. म्हाताऱ्यानं पायानं अलीकडच्या राशीकडे खूण केली.

"मग हीही ने की. एकदमच काय ती ऊब होऊ दे."

"ती राहू दे," यांगझेस म्हणाली. "तुमचा काही भरवसा नाही."

म्हातारा हसता हसता खोकू लागला. तिनं लाकूड खाली ठेवलं, त्याची पाठ चोळली, आणि खोकला थांबेपर्यंत उत्तरेकडे बघत तिथंच उभी राहिली. खिंडीवर बर्फ पडायला सुरुवात झाली होती. गाडी एव्हाना पलीकडे उतरली असणार.