कॅलेंडरमधला कान

बाई हत्ती काढायच्या ते दोन तऱ्हांनी. एक खरा आणि एक विकायचा.

खरे हत्ती होते हत्ती वाचवणाऱ्या संस्थेच्या मागच्या खोलीतल्या जाडजूड वहीत. अकरा वर्षांत बाईंनी त्या वहीत एकशे चाळीस हत्तींचे नुसते कान काढले होते. हत्ती ओळखावा तो कानावरून: कुठे भोक, कुठे चीर, कुठे कुंपणाच्या तारेने तोडलेला लचका. जंगलात माग काढणारा त्यांचा थोरला भाऊ फोटो पाठवायचा आणि बाई भिंग लावून एकेक चीर उतरवायच्या. तिथे कुणाची भीडभाड नाही.

विकायच्या चित्रांचं वेगळं. फाटक्या कानाचा हत्ती दिवाणखान्यात कोण टांगणार? लोकांना रानातल्या जिवांचा कळवळा असतो, पण तो सोफ्याच्या रंगाला शोभला पाहिजे. म्हणून चित्रात बाई कान सांधून टाकायच्या. सुरुवातीला लाज वाटली, पुढे अंगवळणी पडलं. त्याच चित्रांच्या कॅलेंडरांच्या कमाईतून भावाच्या पायात बूट आले, हेही खोटं नाही.

यंदा पहिल्याच पानावर करवत्या होता. त्याच्या डाव्या कानाची कड करवतीसारखी दातेरी, म्हणून हे नाव. चित्रात मात्र तो कान इस्त्री केल्यासारखा.

मग करवत्याने ओढ्यावर लाकडं वेचणाऱ्या दोघींना चिरडलं. त्याला गोळी घालायचा हुकूम निघाला, बाहेरून नेमबाज आला. भाऊ नेमका तापाने अंथरुणाला खिळलेला. आणि त्याच रानात भोळ्या नावाचा दुसरा नर हिंडत होता. तेच अंग, तेच सुळे, फरक फक्त डाव्या कानाचा, भोळ्याचा तो अखंड. भोळ्याने जन्मात कुणावर सोंड उगारली नव्हती. बाईंनी वहीतलं करवत्याचं पान काढलं आणि संस्थेच्या कारकुनाला बजावलं, "हे त्या नेमबाजाच्याच हातात द्या. अदलाबदल झाली तर भलत्याचाच जीव जाईल."

कारकुनाने पान पाहिलं. पेन्सिलीच्या रेघा, बाण, आकडे. पाहुण्यापुढे असलं कच्चं काम काय ठेवायचं? त्याने भल्या मनाने कॅलेंडरचं पान पाठवलं. खाली करवत्याचं नावही छापलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचे साहेब मोबाइल नाचवत आले.

"मेला एकदाचा! आता लिलावात तुमचं करवत्याचं चित्र दुप्पट भावाने जाणार बघा."

बाईंनी फोटो मोठा केला. डावा कान मातीवर पसरला होता. कडेला एकही दात नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी!

"नेमबाजाला पान कुठलं दिलंत?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"कॅलेंडरचं," कारकून म्हणाला. "किती देखणं आलंय ते, बाई!"

बाई त्याच्यावर ओरडणारच होत्या. पण तो कान सांधला कुणी? भोळ्याला आपण मारलं, आपल्याच ब्रशने मारलं.

"हा करवत्या नाही, साहेब. तो अजून मोकळाच आहे. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना कळवा."

साहेबांचा चेहरा उतरला. "परवा लिलाव आहे. दोन दिवस कळ काढा. संस्थेची अब्रू जाईल."

"जाऊ दे," म्हणत बाईंनी भावाचा नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजली, मग वहिनीने उचलला.

"वन्सं! अहो, ऐकलंत का? मारला त्या मेल्याला!"

"वहिनी, दादाला फोन दे."

"ते कुठले घरात! ताप उतरला, त्यात ही बातमी. उजाडताच निघाले ओढ्याकडे, एकटेच. म्हणाले, आता कसली भीती."

"त्याला परत बोलाव. मेला तो भोळ्या आहे, करवत्या नव्हे. चूक माझी आहे, वहिनी, माझी. आधी त्याला फोन कर!"



"कुठे करू, वन्सं?" वहिनी म्हणाली. "त्यांचा फोन तर माझ्या हातात आहे."