आठवडाभराचा पास

दिवसभर उभ्यानं लोकांच्या डोक्यावर कात्री चालवून न्हाव्याचे पाय संध्याकाळी टम्म फुगायचे. घरी आला की स्वारी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायची. आज त्याच्या हातात रेल्वेचं पत्रकही होतं.

"अगं, एकच पास! आठवडाभर कुठल्याही गाडीत बसा. फक्त रोज प्रवास केला तरच पैसे वसूल, एका जागी मुक्काम ठोकला तर पास अंगावर पडला म्हणून समज. तूच सांग, घ्यायचा का?"

बायको शिलाई मशीनवरून अजून उठली नव्हती. गिऱ्हाइकांच्या बाह्या जोडता जोडता तिच्या कमरेचं पार लाकूड झालं होतं. सुट्टीत समुद्रकाठी पाय दुखेस्तोवर चालायचं, एवढंच तिनं वर्षभर मनाशी धरलं होतं. 'नको' अगदी ओठांवर आलं, तेवढ्यात त्यानं बादलीतून पाय वर काढला. सुजेत घोटा कुठे गेला तेही कळत नव्हतं.

"घ्या की," ती म्हणाली. "पण मधे एखाद दिवस उतरून जरा चालू या."

"सुट्टीत कोण चालतं गं?" तो मनापासून हसला. "मस्त खिडकीशी बसून राहायचं! आणि तुझी तर काळजीच नाही. तुला बसायची सवयच आहे."