नानांच्या गाडीचा डोळा

मी रंगनाथ. नाशिकला आग्रा रोडवर, द्वारका चौकाच्या अलीकडे माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दोष सांगायची मला भारी घाई. गाडी दारात उभी राहायच्या आत मी बिघाड सांगून मोकळा होतो आणि दहातल्या नऊ वेळा तो बरोबर निघतो, त्यामुळे जीभ सैल सुटली आहे. ही गोष्ट दहाव्या वेळेची.

पिंपळगाव बसवंतच्या सावळीराम नानांकडे पन्नास सालानंतरची एक अमेरिकन गाडी होती. कांद्याचा व्यापारी माणूस, पण जीव सगळा त्या गाडीत. तिच्या डॅशबोर्डवर मुठीएवढा एक डबा होता, पुढे गोल काच. समोरून गाडी आली की तिचा उजेड बघून तो हेडलाइट आपोआप डिपर करायचा, ती निघून गेली की पुन्हा अप्पर. सगळे त्याला डोळा म्हणत.

१९९९ च्या नवरात्रात नानांनी डॅशबोर्ड रंगवायला काढला. त्यांचा मुलगा महेश याने डोळा, दिवे खालीवर करणारा रिलेचा डबा आणि पायाचं बटन सोडवून माझ्याकडे आणलं. "रंगनाथकाका, परत बसवण्याआधी तपासून ठेवा," म्हणाला. माझ्यामागे सणाची कामं होती. दसरा उलटल्यावर मी सगळं बॅटरीला जोडलं, डोळ्यावर टॉर्च मारला. काही नाही. पुन्हा मारला. ढिम्म.

नाना आले तेव्हा मी डबा खोलूनही न बघता सांगितलं, "आतली उजेड ओळखायची नळी गेलीय. काढताना कोणीतरी आत हात घातलाय."

महेश शेजारीच उभा होता. "मी फक्त बाहेरचे चार स्क्रू काढले, नाना. आत उघडलंच नाही."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. एवढंच केलं मी. पुढचं सगळं त्यावरून झालं.

नानांना वस्तू गेल्याचं दुःख होतंच, पण पोरगं खोटं बोलतंय याचा राग जास्त. "मोडलं तं मोडलं म्हन. खोटारड्याला माझ्या घरात जागा नाय," म्हणाले. महेशही त्यांचाच मुलगा. न केलेलं कबूल करायला तयार होईना. महिन्याभरात त्याने पुण्यात नोकरी धरली आणि हर्षालीला, बायकोला, घेऊन गेला. दोन दिवाळ्या घरी आला नाही. नानांचा निरोप एकच: केलं म्हन, अन् ये.

डोळा माझ्या फळीवर पडून राहिला. दुसरी नळी कुठे मिळणार होती?

२००१ च्या डिसेंबरात मुंबईच्या एका जुन्या गाड्या जमवणाऱ्याने फोटोंच्या झेरॉक्स पाठवल्या. असले डोळे कुठे दिसले तर बुडाचा आकडा वाचून साल कळवा, म्हणाला. मी फळीवरचा डोळा उतरवला. धूळ आणि तेलाने आकडा बुजला होता, म्हणून रॉकेलच्या फडक्याने सगळाच पुसायला घेतला. काचेवरून फडकं फिरलं आणि नारिंगी झालं.

दोन वर्षं मी त्या काचेचा रंगच तसा समजत होतो.

आम्ही मूळचे वणीकडचे. माझ्या वडिलांपासून खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू नाही, तेलात कालवलेला शेंदूर लावायचा. त्या वर्षी पान्यांच्या रांगेत मी तो डोळाही मांडला होता. गोल, देवासारखा दिसला. अंगठ्याने चांगला भरून लावला होता मी, भक्तिभावाने.

काच लख्ख केली, बॅटरी जोडली, अर्धं मिनिट गरम होऊ दिलं आणि टॉर्च मारला. रिले टक् वाजली. सगळं पिशवीत घातलं.

स्कूटर काढली. ओझरला चहाला थांबलो, चहा अर्धाच टाकून उठलो, नाशिककडे वळलो, पुन्हा पिंपळगावकडे वळलो. नवीन नळी मिळाली असं सांगावं की! नाना खूश, माझं नाव वर. महेशचं काय, तो रमला असेल पुण्यात. असा मी पंधरा किलोमीटर स्वतःशी भांडत गेलो.

संध्याकाळी नानांच्या अंगणात डोळा बसवला. नाना स्टिअरिंगला. समोरून कांद्याचा टेम्पो आत शिरला आणि दिवे आपसूक खाली आले. म्हातारा पोरासारखा हसला.

"कुठून आनली रं नळी?"

"नळी तीच आहे, नाना. काचेवर माझा शेंदूर होता. खंडेनवमीचा. महेशने काहीच केलं नव्हतं."

ते हसायचे थांबले. मला वाटलं, आता शिव्या. मी शिव्यांची वाटच बघत होतो. ते उतरले, घरात गेले आणि महेशच्या आईला, मैनाकाकूंना, म्हणाले, "पुन्याचा नंबर दे." काकूंनी कॅलेंडरमागे लिहिलेला नंबर दाखवला. दोन वर्षांत नानांनी तो एकदाही फिरवला नव्हता.

जुना फोन, पलीकडचा आवाज खोलीभर यायचा.

"महेश, मी बोलतोय."

 नाना पुढचं काही बोलायच्या आत महेश घाईघाईने म्हणाला, "नाना, मीच उघडलं होतं ते. खोटं बोललो मी. चुकलं माझं. आता येऊ ना घरी?"

 नानांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.