भाला की लाटणं

मरायच्या आदल्या संध्याकाळी झिवाननं बायकोला एकच प्रश्न विचारला. "विदा, भाला घेऊ का?"

आता तुम्हीच सांगा, नाकात नळी, हाताला सलाईन, उठून बसायचं तर दोन नर्सा लागतात, अशा माणसानं भाला घेऊन करायचं काय? विदोसावाला काही म्हणता काही कळलं नाही. दिवसभराची दमलेली, वैतागलेली. चादर सारखी करता करता ती सवयीनं करवादली, "घरात आहे ते वापर आधी, मग नवीन आण." नवं ड्रिल, नवा मासेमारीचा गळ, काहीही आणायचं म्हटलं की चाळीस वर्षं तो हेच ऐकत आला होता. त्यानं मान डोलावली आणि डोळे मिटले. पहाटे गेला.

आपला शेवटचा शब्द हा असा, खेकसून बोललेला. ते तिच्या जिवाला लागून राहिलं. आणि तो भाला! शेजारची कोसारा म्हणाली, "अगं, तुमच्या घरचा संत म्हणजे संत जॉर्जे. त्याच्या हातात भालाच असतो ना? न्यायला आला होता तो." नोवी साद शहरातून लेक फोनवर म्हणाली, "आई, ताप होता त्यांना, बरळले." संत न्यायला आला असेल, तर झिवान 'घेऊ का' म्हणून बायकोची परवानगी कशाला मागेल? आणि बरळला असेल, तर तिच्या डोळ्यात डोळे घालून, नावानं हाक मारून का बरळला? चाळिसाव्या दिवसाचं सगळं उरकलं, थडग्यावर दारू शिंपडून झाली, पण भाला काही तिच्या डोक्यातून उतरेना.

तेवढ्यात तिहोमीरचा फोन आला. हा सायकल दुरुस्तीवाला. झिवान एकोणीस वर्षं दर शनिवारी दुपारी त्याच्याकडे खेळायला जायचा. काय खेळतो ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि ही बुद्धिबळ धरून चालली. झिवान मुळात बोलायचाच कमी. त्याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असं ती गावभर सांगायची.

"वहिनी," तिहोमीर चाचरत म्हणाला, "झिवानचा भिक्षू अजून पुलावर उभा आहे हो. आमच्यात गडी गेला की त्याच्या घरचं कुणीतरी एक दिवस त्याच्या जागी बसतं, म्हणजे त्याची नीट पाठवणी होते. शिवाय त्या भाल्याचंही ठरायचं राहिलंय."

"कसला भाला?" विदोसावानं विचारलं.

"या तर खरं. समोरासमोर सांगतो."

रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तिनं सकाळी उठून गिबानित्सा केली. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली बाई. कागदासारखे पापुद्रे लाटले, मध्ये चीज घातलं, आणि गरम ताट फडक्यात बांधून दुकानामागच्या खोलीत हजर झाली.

खोलीत मोठं टेबल, त्यावर चौकटी आखलेला नकाशा आणि शिशाची बोटभर माणसं. तिहोमीर खेळ चालवतो, म्हणजे गोष्ट तो सांगतो आणि बाकीचे त्यातलं एकेक पात्र होऊन फासे टाकतात. औषधांच्या दुकानातली यागोदा ही जादूगारीण. आणि दाढीवाला, पोट सुटलेला रेल्या, तो म्हणे चोर. विदोसावानं पर्स घट्ट मांडीवर घेतली.

"मावशी, सोप्पंय," रेल्या म्हणाला. "काकांचा भिक्षू म्हणजे मठात शिकलेला लढवय्या. त्याला जड तलवार चालत नाही. काठी, भाला, दांडकं असलं साधं हत्यार चालतं. फाशावर जेवढा आकडा पडेल तेवढा मार. भाला एका हातात धरला तर सहा तोंडांचा फासा, दोन हातांत धरला तर आठ तोंडांचा. दांडक्याला चारचा. पण इतक्या वर्षांनी त्याचा नुसता हातच आठच्या तोडीचा झालाय, म्हणजे—"

"म्हणजे नुसत्या हातानं मारलं तरी भाल्याइतकंच लागतं?"

"हो!"

"मग भाला घ्यायचा कशाला?"

रेल्या खुर्चीत पुढे सरकला. "तसं नाही, भाला मंतरलेला आहे."

"मग आधी काय होतं त्याच्याकडे?"

यागोदानं झिवानच्या भिक्षूचा मळका कागद पुढे सरकवला. झिवानचंच अक्षर, पेन्सिलीनं, खोडून खोडून मधोमध पातळ झालेला कागद. वर 'हत्यार' आणि त्यापुढे: 'लाटणं. लांब.'

विदोसावाचे कान तापले. नवऱ्याच्या डोक्यात लाटणं घालणारी बायको! लग्नकार्यात दारू चढली की प्रत्येक पुरुष जो विनोद करतो, तोच. एकोणीस वर्षं हा इथे बसून तिची टवाळी करत होता तर. आणि ही मंडळी खी खी हसत होती! ती उठली आणि ताटाचं फडकं गोळा करायला लागली.

"हसून घेतलंत ना माझ्यावर? पोट भरलं असेल. येते मी."

"अहो, कोण हसलं?" यागोदा खरंच गोंधळली. "वहिनी, तुमचा काय संबंध? ते लाटणं त्याच्या गुरूंचं. आम्ही हाता-पाया पडलो त्याच्या, अरे, कुऱ्हाड घे, काठी तरी घे. लाटणं म्हणजे दांडकंच, चारच्या फाशावर कुणी राक्षस मारतं का? पण ऐकेल तर शपथ. म्हणायचा, गुरूंनी दिलंय."

"कोण गुरू?"

"वरच्या मठातले," तिहोमीर म्हणाला. "नाव नाही सांगितलं कधी. बाकी एका शब्दाला महाग माणूस, पण गुरूंचं काही निघालं की बोलायचा. आमच्या तर तोंडपाठ झालंय सगळं."

"पाय पुसल्याशिवाय आत येऊ नये," रेल्यानं बोटावर मोजलं. "त्यावरून उंबऱ्याखालचं विष सापडलं आपल्याला. भट्टीचं दार सारखं उघडून बघू नये. ते ड्रॅगनच्या गुहेशी. आणि आधी जेव, मग भांड."

विदोसावा उभीच राहिली. हे कुणीही म्हणेल. कुठलीही बाई म्हणते. तिचं डोकं चालेना.

"आणि ते पिठाचं," यागोदा म्हणाली. "चिडलेला हात पिठाला कळतो. म्हणून झिवानला राग आला की तो लाटणं आधी खाली ठेवायचा. एकोणीस वर्षांत त्यानं पहिला वार कधी केला नाही."

हे मात्र कुणीही म्हणत नाही. हे ती आयुष्यात एकदाच बोलली होती. कारखाना बंद पडला त्या आठवड्यात, नोकरी गेलेला झिवान मदतीला म्हणून पीठ लाटायला बसला आणि सगळे पापुद्रे फाडून बसला, तेव्हा. तो तेव्हा 'हं' सुद्धा म्हणाला नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून तिनं त्याच्या हातातलं लाटणं काढून घेतलं होतं.

"फार कडक होते म्हणे गुरू," तिहोमीर सांगत होता. त्याच्या डोळ्यांपुढे उघडच एखादा पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. "तीन वेळा त्याला मठाबाहेर काढलं होतं."

"दोन वेळा," विदोसावा म्हणाली. "तिसऱ्यांदा तो आपणहून गेला होता. आईकडे."

मग रेल्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि चर्चमध्ये बसावं तसा सरळ बसला. यागोदानं तोंडावर हात धरला. तिहोमीरला मात्र समजायला वेळ लागला. तो एकदा कागदाकडे, एकदा गिबानित्साकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.

"वहिनी," तो शेवटी हळूच म्हणाला, "शेवटच्या शनिवारी आम्हाला भाला सापडला. पुलापलीकडे राक्षस उभा. मी विचारलं, झिवान, काय ते ठरव, भाला घेतोस की लाटणं? तर म्हणाला, गुरूंना विचारून सांगतो. सोमवारी त्याला ॲडमिट केलं. आम्ही अजून तिथेच अडकलोय. त्यानं विचारलं की नाही, तेच आम्हाला कळलं नाही."

विदोसावा खुर्चीत बसली. चाळीस दिवस ती संत की ताप, याचाच घोळ घालत होती. तो शुद्धीवर होता. तिलाच विचारत होता. आणि तिनं खेकसून का होईना, उत्तर दिलं होतं, आणि त्यानं मान डोलावली होती.

"विचारलं," ती म्हणाली. "गुरूंनी सांगितलंय, घरात आहे ते वापर आधी."

तिहोमीरनं खोडरबर घेतलं. कागदाच्या कोपऱ्यात पुसट लिहिलेला 'भाला?' त्यानं हलक्या हातानं खोडला आणि भुकटी फुंकून टाकली.

मग विदोसावाला रडू आलं, ते काही आवरेना. हुंदक्यांत ती पुलावरच्या त्या शिशाच्या भिक्षूलाच रागावत होती, "सगळं ऐकत होतास रे गधड्या! एवढं सगळं ऐकत होतास, आणि एकदा 'हो' म्हणायला काय झालं होतं तुला?"

यागोदानं पाणी दिलं. रेल्यानं गिबानित्सा कापली, आणि पहिला तुकडा कुणी न सांगता त्या शिशाच्या भिक्षूसमोर ठेवला. आधी जेव, मग भांड.

तिनं डोळे पुसले, पर्स खाली ठेवली आणि बाह्या मागे सारल्या.

"चला. तो चार तोंडांचा फासा कुठला? द्या इकडे."